डाव्या डोळ्यामागचं स्वयंपाकघर

त्या घरात धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. बेचाळिशी उलटली, कानशिलांवर पांढरं दिसू लागलं, तरी ती धाकटीच; कारण दोन सुनांपैकी ती नंतर घरात आलेली. नवरा मोटारींच्या सीटा शिवायचा. स्वभावाने गरीब माणूस, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध होतं, उशी. कंबर धरली? उशी घे. झोप येत नाही? ही जाड फोमची घे. धाकटी म्हणायची, “तुमच्या हातात असतं तर तुम्ही मला उशीतच भरून शिवून टाकलं असतं.”

घरात चालायचं ते थोरल्या दिरांचं. सव्वीस वर्षं ते बसमध्ये कंडक्टर होते आणि नोकरी संपली तरी गल्लीसाठी कंडक्टरच राहिले. आवाज असा, की शेवटच्या सीटवर घोरणारासुद्धा आपल्या स्टॉपला दचकून उठावा. निवृत्तीनंतर तो आवाज घरात मावेना. दोन महिने ते घरच्यांनाच सूचना देत हिंडले आणि त्यांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. म्हणून त्यांनी फेरी काढली तेव्हा सगळ्यांत जास्त हायसं त्यांच्या बायकोला वाटलं.

फेरी म्हणजे काय, तर शनिवारी-रविवारी बाहेरगावचे वीसेक हौशी लोक यायचे, सुट्टीच्या कपड्यांत, गळ्यात कॅमेरे घालून. कंडक्टर त्यांना पायी गल्लीबोळांतून फिरवायचे. पाच रंगवलेल्या भिंती दाखवायच्या आणि मध्ये मध्ये चार घरी बसवून तिथलं घरचं खायला घालायचं. शेवटचं घर कंडक्टरांचं स्वतःचं, आणि शेवटची भिंतही त्याच घराची. त्या भिंतीवर धाकटी होती.

ती तिथे गेली कशी, तर चार वर्षांपूर्वी एक चित्रकार मुलगी आली होती. शहरातल्या ओक्याबोक्या भिंती रंगवायचं काम काही जणांना वाटून दिलं होतं, त्यात या घराची अंगणाकडची दोन मजली भिंत तिच्या वाट्याला आली. केस कानांच्या वर कापलेले, म्हणून गल्लीने तिचं नाव बॉबकट ठेवलं. नऊ दिवस ती शिडीवर होती आणि नऊही दिवस धाकटीच्या हातचं जेवली. तिसऱ्या दिवशी तिने आधी आखलेलं सगळं पुसून टाकलं नि धाकटीचा चेहरा काढायला घेतला. डोक्याला पिवळा रुमाल, डाव्या कानापुढे सुटलेली एक बट आणि तोंडभर हसू. हनुवटी खालच्या दाराच्या चौकटीच्या जरा वर, कपाळ थेट गच्चीला टेकलेलं. डावा डोळा आला नेमका वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर. बॉबकटने खिडकीची लाकडी दारं ओढून घेतली आणि त्यांच्यावरच तो रंगवला.

धाकटीला तेव्हा गंमत वाटली होती. सकाळी तिने खिडकी उघडली की भिंतीवरची बाई एका डोळ्याने आंधळी व्हायची. समोर चष्म्यांचं दुकान होतं. तिथले काका वर बघून ओरडायचे, “ये गं उद्या, नंबर काढून देतो!”

फेरी सुरू झाली आणि गंमत संपली.

आधी कंडक्टर एवढंच म्हणाले, की पाहुणे फोटो काढतात तेवढी पाच मिनिटं खिडकी लाव. मग पाहुणे जेवतात तोपर्यंत. पुढे फोटो बघून फेरीत नसलेले लोकही येऊ लागले, कधीही, आणि खालून हाका मारू लागले, “ओ ताई, डोळा लावता का जरा?” वाफेने दारं फुगली, नीट बसेनात, बुबुळाच्या मधोमध उभी फट दिसू लागली. शेवटी एका सोमवारी धाकटी बाजारात गेलेली असताना कंडक्टरांनी शिडी लावली, दोन्ही दारांवर बाहेरून आडवी पट्टी स्क्रूने बसवली आणि तिच्यावर डोळ्याच्या रंगाचा हात मारला. धाकटीने भाजीची पिशवी ठेवली, कडी काढली, ढकललं. दार हललं नाही.

“भाऊजी, खिडकी उघडत नाहीये.”

“उघडणारच नाही. पक्कं काम केलंय,” ते खूश होऊन म्हणाले. “तुझीच कटकट मिटली. सारखी उघड-मीट नको.”

“आणि मी श्वास कुठून घेऊ?”

“पंखा लावून देतो की!”

पंखा लागला. मागच्या बोळाकडच्या भिंतीत, अगदी छताजवळ, धूर बाहेर ओढणारा. पण तो असा घरघरायचा की अंगणात कंडक्टरांचं भाषण कोणाला ऐकू जाईना. म्हणून त्याचं बटण जिन्यात घेतलं आणि भाषण चालू असेपर्यंत पंखा बंद ठेवायचा असं ठरलं. भाषण वीस मिनिटांचं. पिठात घोळवलेले छोटे मासे धाकटीने तळायचे ते नेमके त्याच वीस मिनिटांत, कारण भाषण संपताना ताटं गरम हवीत. तिने नवऱ्याजवळ गाऱ्हाणं केलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या मापाची एक गोल उशी शिवून आणली. निळी, कडेला झालर. धाकटीने कपाळाला हात लावला.

भाषण संपलं की कंडक्टर हात पसरून म्हणायचे, “आणि आता भेटू या प्रत्यक्ष!” मग धाकटीने जिना उतरून दारात उभं राहायचं. डोक्याला पिवळा रुमाल, डाव्या कानापुढे ओढून काढलेली बट, आणि तेच हसू. पाहुणे वर भिंतीकडे बघायचे, मग तिच्याकडे, मग परत वर. कोणी कुजबुजायचं, “वर जरा तरुण आहे, नाही?” ते ऐकून मोठ्या जाऊबाईंनी तिला केसांचा रंग आणून दिला. तिला नको होता. तिने लावला.

आता कोणी म्हणेल, हिच्या तोंडाला काय कुलूप होतं? नाही म्हणायचं. पण नाही म्हणायचं तरी कोणाला? कंडक्टर काही दुष्ट नव्हते. धाकटीचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस दवाखान्याच्या बाकावर तेच झोपले होते. मोठ्या जाऊबाई लग्न होऊन आल्यापासून चार शब्द मोजून बोलायच्या. फेरीची नोंदणी फोनवर घ्यायला लागल्यापासून त्या परक्या माणसांशी खळखळून हसू लागल्या होत्या. नवऱ्याचं शिवणकाम रोडावत चाललं होतं, नव्या गाड्यांना सीटा तयारच येतात. घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही त्या बंद खिडकीला टांगलेलं होतं. धाकटी रोज सकाळी स्वतःच्याच हनुवटीखालून बाजाराला जायची आणि तिच्याच खालून परत यायची, आणि म्हणायची, बघू, पुढच्या महिन्यात बोलू.

असे बरेच महिने गेले.

त्या रविवारी ऊन मी म्हणत होतं. बावीस पाहुणे होते, अंगणात छत्र्यांखाली टेबलं मांडली होती. कंडक्टरांनी जिन्यातलं पंख्याचं बटण बंद केलं आणि खाली जाऊन घसा खाकरला. धाकटीने माशांचा पहिला घाणा काढला, दुसरा सोडला. जाऊबाईंनी पहिलं ताट उचललं. धूर जिन्यातून पाहुण्यांवर जाऊ नये म्हणून जाताना पायाने दार ओढून घ्यायची त्यांची सवय होती. दार धाडकन लागलं.

त्या दाराची मूठ कित्येक दिवस हातात येत होती. नवरा म्हणायचा, रविवारी बघतो. आणि रविवारी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. आज मूठ सुटून खणकन फरशीवर पडली, आणि मुठीतून आरपार जाणारी सळई पलीकडे जिन्यात पडल्याचा आवाज आला.

धाकटीने मूठ उचलून भोकात बसवली. ती नुसतीच गोल फिरली. “ताई!” तिने हाक मारली. जाऊबाई तोवर अंगणात पोचल्या होत्या. तिने चमच्याचा दांडा घालून पाहिला, सुरीचं टोक घालून पाहिलं. बोटाला कापलं. आणि या खटपटीत पाठीमागच्या कढईचा तिला पार विसर पडला.

वास आला तेव्हा ती वळली. मासे कोळसा झाले होते आणि तेलातून जाड, पांढरट धूर उठत होता. तिने गॅस बंद केला, कढईवर झाकण दाबलं. पण तापलेलं तेल लगेच कोणाचं ऐकत नाही. झाकणाच्या कडेने धूर येतच राहिला, छताला लागला आणि खाली उतरू लागला. पंखा गप्प. त्याचं बटण दाराच्या पलीकडे. फोन अंगणात, पाहुण्यांसाठी गाणी त्याच्यावर लागायची.

ती खिडकीशी गेली आणि दोन्ही तळहातांनी दारं बडवू लागली.

बाहेरून कंडक्टरांचा आवाज स्वच्छ येत होता. भाषण तिला तोंडपाठ होतं. “चार वर्षं झाली,” ते म्हणत होते, “ही बाई इथून सगळी गल्ली बघतेय. आणि म्हणतात, ऐन दुपारी इथे शांत उभं राहिलं ना, तर ती बोलते!”

थप, थप, थप, भिंत वाजली.

पाहुणे हसले.

“भाऊजी!” धाकटी ओरडली. “दार अडकलंय! धूर झालाय आत! उघडा!”

अंगणातल्या माना वर झाल्या. मग एक बाईमाणूस आनंदाने किंचाळलं, “अय्या, खरंच बोलली की!” आणि टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्या. मग कंडक्टरांचा आवाज आला, नेहमीपेक्षा थोडा वर चढलेला, थोडा लाडात आलेला.

“आज जरा जास्तच बोलतेय बरं का. तुमच्याआधी तिलाच भूक लागली असेल!”

हशा उसळला.

धाकटीचे हात दारावर तसेच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घशात कोणी खराटा घातल्यासारखं झालं होतं, पण त्या एका क्षणी तिला खोकलाही आला नाही. तिला कळलं होतं. त्यांनी ऐकलं. सव्वीस वर्षं भरलेल्या बसमध्ये मागच्या दाराशी मारलेली हाक ओळखणारा माणूस, त्याला खरी हाक आणि खोटी हाक कळत नाही असं होत नाही.

“अहो कंडक्टर!” हा आवाज समोरच्या चष्मेवाल्या काकांचा होता, रस्त्यापलीकडून, धावत येणारा. “अहो, ती खरंच ओरडतेय! धूर दिसतोय फटीतून! वर जा कोणीतरी!”

धाकटी मात्र आता कोणासाठी थांबणार नव्हती. ओट्याच्या कोपऱ्यात मसाला कुटायचा लोखंडी बत्ता होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि खिडकीवर घातला. पहिल्या घावाला नुसता आवाज झाला. दुसऱ्याला खालची फळी तडकली. तिसरा घाव तिने कुठे घातला, कसा घातला, तिला नंतर सांगता आलं नाही. चार वर्षांचं काहीतरी त्या हातात उतरलं होतं. फळी फुटली, पट्टी स्क्रूंसकट उपटून निघाली, बुबुळाचे दोन तुकडे झाले आणि त्यातला एक खाली माशांच्या ताटात जाऊन पडला.

उजेड आणि वारा एकदम आत आले. धाकटीने त्या भोकातून खांद्यापर्यंत अंग बाहेर काढलं. पिवळा रुमाल मानेत आलेला, तोंड काळं झालेलं, आणि ती खोकत होती, जिवाच्या आकांताने खोकत होती.

अंगणातले बावीस लोक आ वासून वर बघत होते. कंडक्टर पुढे आलेला हात तसाच ठेवून उभे होते. मग कुठूनतरी एक फोटो काढल्याचा बारीकसा आवाज आला.

जाऊबाई जिना चढून आल्या, सळई शोधून त्यांनी दार उघडलं, धाकटीला धरून जिन्यात बसवलं. पाहुण्यांत एक नर्स होत्या, त्यांनी तिची नाडी बघितली, घोट घोट पाणी पाजलं. बाकीचे लोक हळहळत, चपला शोधत, एकेक करून निघून गेले. नवऱ्याला कोणीतरी दुकानातून बोलावून आणलं. तो आला, बायकोकडे बघितलं, जळका ओटा बघितला, आणि हत्यारांची पेटी उघडून दाराची मूठ बसवायला लागला. स्क्रू सारखा निसटत होता.

“मी रविवारी बघणार होतो,” तो खाली मान घालून म्हणाला.

“आज रविवारच आहे,” धाकटी घोगऱ्या आवाजात म्हणाली. त्या दिवशीचं तिचं ते शेवटचं वाक्य.

डॉक्टरांनी चार दिवस बोलू नका म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशीही ती बोलली नाही, तेव्हा घराची धाबी दणाणली. स्वयंपाक करत होती, भांडी लावत होती, विचारलं तर मान हलवत होती. फुटक्या खिडकीवर कंडक्टरांनी प्लास्टिकचा कागद लावला. तिने तो काढून घडी करून त्यांच्या खोलीबाहेर ठेवला. दुसऱ्यांदा लावायची त्यांची छाती झाली नाही.

इकडे तो फोटो मात्र बोलत सुटला होता. ज्याने काढला त्याने कुठेतरी टाकला, तिथून तो गावभर झाला. फुटलेला डोळा आणि त्यातून बाहेर आलेली तीच बाई! जाऊबाईंचा फोन थांबेना. त्या पहिल्या दिवशी आलेले मेसेज उत्साहाने वाचून दाखवायला गेल्या, आणि धाकटीच्या नजरेला नजर मिळाल्यावर फोन पालथा घालून ठेवला. पण फोन वाजायचा थांबला नाही.

शुक्रवारी सकाळी कंडक्टर स्वयंपाकघरात आले. सहसा ते तिथे येत नसत. निळ्या उशीच्या स्टुलावर बसले, गुडघे चोळले, खिडकीच्या भोकातून बाहेर बघितलं.

“धाकटे, घसा कसा आहे?”

तिने मान हलवली.

“बॉबकटला फोन केलाय. उद्या येतेय. ती डोळा परत करून देईल. या वेळी पट्टी-बिट्टी काही नाही हं, कडी आतून.” ते थांबले. “फक्त तोवर... म्हणजे पुढच्या आठवड्यात... लोक फार विचारताहेत गं. तू नुसती त्या खिडकीत उभी राहिलीस तरी चालेल. दोन मिनिटं. बोलायचं काही नाही. मी सांगेन सगळं, काय झालं, तू कसा बत्ता घेतलास...”

धाकटी कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“तुम्हाला ऐकू आलं होतं?”

पाच दिवसांनी तिचा आवाज ऐकून कंडक्टर दचकलेच. “काय?”

“मी हाक मारली ती.”

खाली चष्मेवाले काका शटर वर करत होते, त्याचा खडखडाट पूर्ण होईपर्यंत दोघं तशीच राहिली.

“आली,” कंडक्टर म्हणाले.

“पहिल्यांदाच?”

“पहिल्यांदाच.” त्यांचा तो बसभर पुरणारा आवाज स्वयंपाकघरालाही पुरेना. “कळलं मला, काहीतरी झालंय म्हणून. पण ते सगळे हसले ना... धाकटे, सव्वीस वर्षं मी बोललो, पण लोकांनी ऐकलं ते फक्त स्टॉपचं नाव. माझ्या बोलण्याला कोणी कधी हसलं नव्हतं. मला वाटलं, एवढं एक वाक्य संपवतो आणि जातो वर. एवढंच एक.”

त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढून हातात घेतला.

धाकटीला वाटलं होतं, हे त्यांच्या तोंडून ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाईल. तसं झालं नाही. उलट एक विचित्र थकवा आला. या माणसावर मनापासून चिडताही येत नाही, आणि त्याला माफ केलं तर पुन्हा तीच खिडकी. पुढच्या आठवड्यात तिने तिथे उभं राहायचं, आणि त्यांनी खालून सांगायचं, ही बघा, हिला मी कोंडलं होतं. लोक टाळ्या वाजवणार. बत्ता घालून बाहेर पडावं, तर बाहेरही हेच अंगण, हेच लोक.

“मी उभी राहणार नाही,” ती म्हणाली. “खिडकीतही नाही आणि दारातही नाही.”

“मग मासे?”

“त्याचं नंतर बघू.”

“मी तळीन,” दारातून आवाज आला. जाऊबाई तिथे कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. “मला जमत नाही, पण तळीन. आणि तुम्ही आता खाली जा.” नवऱ्याला असं काही सांगताना त्यांना त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. कंडक्टर उठले आणि गेले.

शनिवारी फेरी नव्हती. बॉबकट सकाळीच आली. केस आता खांद्यापर्यंत वाढले होते, पण गल्ली नाव बदलायला तयार नव्हती. ती अंगणात बराच वेळ वर बघत उभी राहिली. कंडक्टर डोळ्याचे गोळा केलेले तुकडे कापडात बांधून घेऊन आले, जसं कोणी तुटलेला दागिना सोनाराकडे नेतं. तिने ते बाजूला ठेवले आणि जिना चढून वर स्वयंपाकघरात गेली.

“मला खिडकी बंद करायचीच नव्हती,” ती म्हणाली. “म्हणजे, मी विचारच केला नव्हता. रंगवायला सपाट जागा हवी होती, दारं ओढून घेतली. एवढंच. सॉरी, ताई.”

“तुझी काय चूक?”

“तुम्हाला काय हवंय ते सांगा. डोळा परत काढू? की सगळंच पुसू? पांढरी भिंत करून देते. दोन दिवसांचं काम.”

चार वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. धाकटी ओट्याला टेकली. पूस, हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. खालून जाऊबाईंचा आवाज येत होता, फोनवर कोणालातरी सांगत होत्या, “नाही हो, या आठवड्यात नाही, पुढच्या आठवड्याचं मी कळवते,” आणि त्या आवाजात नवीन नवीन कमावलेला तोरा होता. भिंत पांढरी झाली की तो आवाज पुन्हा चार शब्दांवर येणार. कंडक्टर पुन्हा घरातच सूचना देत हिंडणार. नवरा काही म्हणणार नाही, आणखी एक उशी शिवेल. धाकटीने तोंड उघडलं.

“आधी मी हसत का होते, ते सांग,” ती भलतंच बोलून गेली. “चित्रात. मला आठवतच नाही.”

बॉबकट हसली. “तुम्ही मला तुमच्या सासऱ्यांची गोष्ट सांगत होतात. त्यांनी नवीन दात बसवले आणि पहिल्याच दिवशी शेजाऱ्याच्या अंगणात शिंकले, ती. तुम्हाला सांगतानाच इतकं हसू येत होतं की गोष्ट शेवटपर्यंत गेलीच नाही. मी म्हटलं, हेच काढायचं.”

ते हसू खरंच तिचं होतं तर. इतके महिने ती त्या हसण्याची नक्कल करत दारात उभी राहिली, आणि ते मुळात तिचंच होतं, हे ती विसरूनही गेली होती.

“डोळा नको,” ती शेवटी म्हणाली. “तिथे साधी खिडकी राहू दे, उघडी. चेहरा ठेव. पण तोंड मीट.”

“म्हणजे?”

“हसू काढून टाक. नुसतं तोंड. रडकं नको, रागीट नको. मी आत्ता कशी दिसतेय, तसं.”

बॉबकटने तिच्याकडे निरखून बघितलं. खिशातून पेन्सिल काढली आणि तिथेच एका कागदाच्या पिशवीवर तिचे ओठ काढायला लागली.

कंडक्टरांना कळलं तेव्हा ते हबकले. “अगं, गंभीर बाई बघायला कोण येईल? लोक सुट्टीवर असतात!” पण शुक्रवारपासून त्यांचा आवाज तिच्यासमोर चढत नव्हता. ते शिडी धरून उभे राहिले. तीन दिवस बॉबकट त्या हसणाऱ्या दातांवर रंग चढवत होती, आणि तीन दिवस गल्लीतला जो तो येऊन आपलं मत देऊन गेला. चष्मेवाले काका म्हणाले, “आता कशी ओळखीची वाटते.”

फेरी पुन्हा सुरू झाली. पाहुणे पूर्वीपेक्षा कमी झाले, पण आले. जाऊबाईंनी तळलेले मासे एका बाजूने कच्चे आणि दुसऱ्या बाजूने करपलेले निघाले. ते पाहुण्यांनी घरचं म्हणून कौतुकाने खाल्ले. दुसऱ्या आठवड्यात धाकटीच ओट्याशी परत आली, कारण तिला ते बघवेना. पण पिवळा रुमाल तिने बांधला नाही, जिना उतरली नाही, आणि भाषण चालू असताना पंखा घरघरत राहिला. कंडक्टरांना ओरडून बोलावं लागे.

उघड्या खिडकीतून खालचे लोक दिसत आणि लोकांना ती दिसे, पिठाच्या हातांनी मासे उलटणारी. कोणी हात हलवायचं. ती हलवायची नाही. असं बघत राहणं तिला आवडत होतं असं नाही. खिडकी उघडी होती, वारा येत होता, आणि तरी ती त्याच भिंतीत होती, त्याच वेळेला, त्याच कढईसमोर. कधी तिला वाटायचं, पूस म्हणायला हवं होतं. कधी वाटायचं, बरं झालं नाही म्हटलं ते.

एका शनिवारी एका म्हाताऱ्या पाहुण्याने खालून विचारलं, “का हो, बाकी सगळ्या भिंतींवरची माणसं हसतात. हीच का नाही?”

धाकटीचा झारा हातातच थांबला. कंडक्टर हे मोठं करून सांगणार, हे तिला माहीत होतं. धूर, बत्ता, फुटलेला डोळा, सगळं. त्यांच्या जिभेवर तयार असणार. पंख्याच्या घरघरीतूनही तिने कान दिला.

कंडक्टर भिंतीकडे बघत राहिले. मग वर खिडकीकडे बघितलं, क्षणभरच.

“तिची मर्जी,” ते म्हणाले. “चला, ताटं आलीत. बसून घ्या.”

तेल तापलं होतं. धाकटीने पुढचा घाणा सोडला.